ध्रुवपद एकदाच छापतात

एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ मी काही वर्षांपूर्वी करून दिलं होतं. बिनपैशाचं, हौसेचं काम. पानं चाळीसेक: मुखपृष्ठ, इतिहास, वर्गणी, बालविभाग, दिवाळी अंकांची यादी, असं एकेक वाढत गेलेलं. प्रत्येक पानाच्या वर वाचनालयाचं नाव, खाली पत्ता, वेळा आणि फोन. पहिलं पान जमलं तशी मी त्याची नक्कल केली, मधला मजकूर बदलला आणि दुसरं पान म्हणून ठेवून दिलं. तिसरं, चौथं, पुढची सगळी तशीच. मग वाचनालयाचा फोन बदलला. एका संध्याकाळी बसून मी सगळ्या पानांवरचा क्रमांक बदलला. सगळ्या म्हणजे, दोन सोडून. त्या दोन पानांत क्रमांक लिहिताना कधीतरी आकड्यांमध्ये एक जागा मोकळी सुटली होती, म्हणून ‘शोधा आणि बदला’च्या जाळ्यात ती आलीच नाहीत. जुना क्रमांक दरम्यान कुणाच्या तरी घरी गेला होता. वर्षभर त्या घरातला फोन ‘वाचनालय ना?’ म्हणून वाजत राहिला.

ही पुस्तिका त्या दोन पानांची देणेकरी आहे.

तिचा विषय दिसायला किरकोळ वाटेल. अनेक वेबपानांवर तोच मजकूर दिसायला हवा, पण लिहायचा मात्र एकदाच, हे कसं साधायचं? यासाठी दोन वाटा आहेत. एक समावेशाची: तुकडा वेगळा लिहून ठेवायचा आणि हवा तिथे बोलावून घ्यायचा. दुसरी वारशाची: पानाचा सांगाडा एका मूळ साच्यात ठेवायचा आणि प्रत्येक पानाने त्यातल्या ठरावीक जागा तेवढ्या भरायच्या. दोन्ही वाटा एकेकट्या सोप्या आहेत, तासाभरात शिकवून होतात. त्या एकमेकींना छेदतात तिथे मात्र मुलं हमखास अडकतात, आणि मीही पुष्कळदा अडकले आहे. प्रस्तावनेची बरीचशी जागा त्या चौकातच खर्च होणार आहे.

आधी शब्दाविषयी. ‘टेम्प्लेट’ला मराठीत साचा म्हणायचं हे आता जवळपास ठरलेलं आहे. मराठी विकिपीडियाने हाच शब्द घेतला आणि रुळवला. तिथे ‘साचा:’ हा उपसर्ग लावलेली वेगळी पानंच असतात. लेखाच्या कडेला दिसणारी माहितीचौकट किंवा लेख अपुरा असल्याची सूचना अशा साच्यांतून येते. लेखात दुहेरी महिरपी कंसांत साच्याचं नाव लिहायचं, की त्या जागी साच्यातला मजकूर उभा राहतो. साचा दुरुस्त केला की तो जिथे जिथे बोलावला आहे तिथला मजकूरही बदलतो. या कल्पनेला टेड नेल्सन यांनी ‘ट्रान्सक्लूजन’ असं नाव दिलं. १९६५मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द छापात आणणारे गृहस्थ तेच. एक उतारा शंभर ठिकाणी दिसावा, पण त्याची नक्कल कुठेही होऊ नये आणि मुळाशी असलेलं त्याचं नातं तुटू नये, असं त्यांचं स्वप्न होतं. वेबने ते फारसं मनावर घेतलं नाही. विकीच्या साच्यांत त्याचा एक लहानसा, कामचलाऊ अवतार उरला आहे.

‘साचा’ शब्द थोडा फसवा मात्र आहे. मोदकाच्या साच्यातून निघणारे सगळे मोदक बाहेरून सारखे. फरक असलाच तर सारणात. वेबपानाचा साचा मोदकापेक्षा लग्नपत्रिकेच्या जवळचा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून आहेराबद्दलच्या ओळीपर्यंत छापखान्याकडे मजकूर तयार असतो. वर, वधू, मुहूर्त, कार्यालय या जागा कोऱ्या. ज्यांना कुलदैवतांची लांबलचक नामावळी हवी ते वरची जागा फुगवतात, ज्यांना खाली चिमुरड्यांच्या नावाने आग्रहाचं बोलावणं हवं ते तळ वाढवतात, आणि ज्यांना काहीच सुचत नाही त्यांच्यासाठी छापखान्याचा ठरलेला मजकूर आहेच. कोऱ्या जागा, त्यांतला आयता मजकूर, तो तसाच ठेवायची किंवा बदलायची मुभा: वारशाच्या साच्यात याहून वेगळं काही नसतं. नवऱ्या मुलाचं नाव पत्रिकेच्या आत, पाकिटावर आणि मांडवाच्या फलकावर असं तीनदा लागतं, हेही लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

दोन वाटांपैकी समावेशाची वाट जुनी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राच्या सर्व्हरमध्ये एक सोय होती: एचटीएमएलच्या टिप्पणीसारखी दिसणारी एक ओळ पानात लिहायची, आणि पान पाठवण्याआधी सर्व्हर त्या ओळीच्या जागी दुसरी फाइल आणून ठेवायचा. पुढे अपाचेनेही ती सोय ठेवली. १९९५मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी लोकांसमोर ठेवली, आणि हेडर व फुटर अशा दोन फाइली करून प्रत्येक पानाच्या डोक्याशी एक आणि पायाशी एक बोलावण्याची पद्धत जगभर पसरली. वर्डप्रेसच्या जुन्या धाटणीच्या थीम आजही याच पद्धतीच्या आहेत.

माझ्या वाचनालयाचं काम या पद्धतीने भागलं असतं; फोन एका फुटरमध्ये राहिला असता. तरी ही पद्धत मला कधीच फार आवडली नाही, आणि त्याचं कारण सौंदर्याचं नाही. हेडरच्या फाइलीत जी खूण उघडते ती फुटरच्या फाइलीत बंद होते. मधलं पान या दोघांच्या भरवशावर लटकलेलं. एकटी हेडर उघडून वाचली तर ती अर्धवट, फुटर वाचली तर तीही अर्धवट, आणि संपूर्ण पानाची आकृती कोणत्याच फाइलीत दिसत नाही. चौकट एका सुताराकडे आणि उंबरठा दुसऱ्याकडे दिल्यासारखं. कुणीतरी फुटरमधली एक बंद खूण ‘ही इथे कशाला’ म्हणून पुसतो, आणि भलत्याच पानावरची उजवी पट्टी घसरून खाली जाते.

वारसा हे या दुखण्यावरचं औषध. या पुस्तिकेत तो मुख्यतः जँगो या, पायथन भाषेत संकेतस्थळं बांधण्याच्या चौकटीच्या साच्यांतून समजावला आहे, कारण मी तिथेच शिकले, आणि जँगोचा जन्म अशा ठिकाणी झाला की गोष्ट चटकन कळते. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचं वर्तमानपत्र निघायचं. त्याच्या वेबविभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३मध्ये जँगोचं काम सुरू केलं, २००५च्या जुलैमध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं आणि जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचं नाव त्याला दिलं. वर्तमानपत्राच्या पानात काय असतं ते आठवा. वर नाव आणि तारीख, मग विभाग, विभागाची स्वतःची पट्टी, मग बातमी. क्रीडापानाची पट्टी वेगळी, स्थानिक पानाची वेगळी, अंकाचं नाव मात्र तेच. जँगोच्या दस्तऐवजांत आजही तीन पायऱ्यांचा वारसा सुचवलेला आहे: सगळ्यात वर अख्ख्या स्थळाचा मूळ साचा, त्याखाली विभागाचा, त्याखाली प्रत्यक्ष पानाचा. ही रचना वर्तमानपत्राच्या कचेरीतून आली आहे, असं मला ती पहिल्यांदा वाचताना वाटलं आणि अजूनही वाटतं.

मूळ साच्यात जागोजागी ब्लॉक असतात. प्रत्येक ब्लॉकला नाव, आणि हवा तर आत आयता मजकूर. पानाचा साचा पहिल्याच ओळीत ‘मी अमुक साच्याचा वारस’ असं जाहीर करतो आणि पुढे ज्या ब्लॉकांत त्याला स्वतःचं काही सांगायचं आहे तेवढेच लिहितो. बाकीचं मुळाकडून येतं.

नवशिक्याला इथे खटकतं ते दिशेचं. तो पानाची फाइल उघडून वाचतो, म्हणून त्याला वाटतं की काम पानापासून सुरू होतं. पण सांगाडा मुळाचा. तो वरून खाली चालत जातो आणि प्रत्येक ब्लॉकपाशी थांबून वारसाला विचारतो, तुझं काही आहे का? वारसाने ब्लॉकांच्या बाहेर काही लिहून ठेवलं असेल तर जँगो ते निमूटपणे गिळून टाकतो. चूक दाखवत नाही, कुरकुर करत नाही. ‘मॅडम, मी लिहिलंय पण दिसत नाही’ या तक्रारींतल्या निम्म्या इथल्या असतात.

संस्कृत व्याकरण थोडंफार शिकलेल्यांना ही चाल ओळखीची वाटेल. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’तली सुमारे ४००० सूत्रं एवढी आटोपशीर राहिली त्याचं एक कारण म्हणजे अनुवृत्ती. आधीच्या सूत्रातलं पद पुढच्या सूत्रांत न लिहिता चालू राहतं. वाचणाऱ्याने ते मनाने भरून घ्यायचं. एखादं अधिकारसूत्र तर पुढच्या कितीतरी सूत्रांवर छत्र धरतं. लिहायला फार सोयीचं, पण एखादं सूत्र मधूनच उचलून वाचाल तर ते कळणार नाही, आणि अमुक पदाची अनुवृत्ती नेमकी कुठवर चालते यावर टीकाकारांचे वाद आहेतच. वारशाच्या साच्याचं नेमकं हेच सुख आणि हेच दुःख. पानाची फाइल सहा ओळींची होते, आणि त्या सहा ओळींचा अर्थ लावायला आणखी दोन फाइली डोक्यात उघड्या ठेवाव्या लागतात.

आता नवऱ्या मुलाच्या नावाकडे.

एका पुस्तकाच्या पानाला शीर्षक आहे. ते ब्राउझरच्या पट्टीत दिसायला हवं, पानावर मोठ्या अक्षरांत हवं, ‘मुखपृष्ठ – कादंबऱ्या –’ या वाटेच्या शेवटी हवं, आणि कुणी दुवा पाठवला तर मोबाइलवर उमटणाऱ्या चौकटीतही हवं. चार ठिकाणी एकच शब्द. नवशिका ‘शीर्षक’ नावाचा ब्लॉक मूळ साच्यात चार जागी लिहितो. जँगो लगेच अडवतो: या नावाचा ब्लॉक एकाहून अधिक वेळा आला आहे. मुलांना हा निव्वळ हट्टीपणा वाटतो. पण ब्लॉक ही दुहेरी वस्तू आहे, मुळात ती भोक असते आणि वारसात बूच. दोन्हींची जोडी नावावरून लागते. मधल्या पायरीवरचा साचा तर एकाच वेळी वरच्याचा वारस आणि खालच्याचा पूर्वज असतो. त्यात एका नावाचे दोन ब्लॉक असले तर वरच्याने कोणता मजकूर उचलायचा? म्हणून नाव एकदाच.

मग मुलं काय करतात? ‘शीर्षक१’, ‘शीर्षक२’ असे वेगळ्या नावांचे ब्लॉक करतात आणि प्रत्येकात तोच मजकूर लिहितात. म्हणजे फिरून माझ्या चाळीस पानांपाशी.

आरतीची जुनी पुस्तकं छापणाऱ्यांना ही अडचण फार आधी आली होती आणि त्यांनी ती झकास सोडवली होती. ध्रुवपद पहिल्यांदा येतं तिथे पूर्ण छापायचं आणि पुढे ‘॥धृ॥’ अशी खूण करायची. नंतरच्या कडव्यांच्या शेवटी त्याचा पहिला शब्द आणि एक शून्य. म्हणणाऱ्याला कळतं. आर्मिन रोनाखर यांच्या जिंजात नेमकी अशी खूण आहे. जिंजा ही पायथनमधलीच, जँगोच्या वळणावर गेलेली साचाभाषा. नाव जपानी शिंतो देवळावरून, कारण इंग्रजीत ‘टेम्पल’ आणि ‘टेम्प्लेट’ कानाला जवळचे. तिथेही एका नावाचा ब्लॉक एकदाच लिहायचा, पण ‘सेल्फ’ या शब्दाला टिंब लावून पुढे ब्लॉकचं नाव लिहिलं की तोच ब्लॉक पुन्हा उमटतो, कितीही वेळा. पीएचपीच्या जगातल्या ट्विगची सुरुवातही रोनाखर यांचीच, पुढे ती फाबियाँ पोटँसिए यांनी वाढवली. तिथे ब्लॉकचं नाव देऊन त्याला फलनासारखं बोलावता येतं. जँगोत ब्लॉकला पुन्हा बोलावणारी अशी खूण आजही नाही. मात्र २०२५च्या डिसेंबरात आलेल्या ६.० या आवृत्तीत साच्याच्या एखाद्या तुकड्याला तिथल्या तिथे नाव देऊन त्याच फाइलीत पुन्हा वापरण्याची सोय झाली आहे.

ही खूण सापडली की हायसं वाटतं. तरी मी वर्गात ती शेवटी सांगते, कारण तिच्याने एक चूक झाकली जाते. शीर्षकाच्या ब्लॉकमध्ये लोक हळूहळू काय काय भरतात? आधी पुस्तकाचं नाव. मग शोधयंत्रांसाठी पुढे एक रेघ आणि वाचनालयाचं नाव. मग कुणाला तरी पुस्तकाचं नाव तिरपं हवं असतं, म्हणून एक खूण. आता हाच ब्लॉक चार ठिकाणी उमटवा: पानावरच्या मोठ्या मथळ्यात वाचनालयाचं नाव विनाकारण लोंबकळतं, आणि ब्राउझरच्या पट्टीत तिरप्या अक्षरांऐवजी कंसांतली खूणच अक्षरशः दिसते, कारण तिथे साधा मजकूर सोडून काही चालत नाही.

माझ्या मते गोम इथे आहे. शीर्षक ही मुळात माहिती आहे. ती आपण मांडणीच्या भोकात कोंबली. पुस्तकाचं नाव हे नाव म्हणूनच साच्यात यायला हवं, ‘शीर्षक’ या चलात, आणि चार ठिकाणी त्याचं काय करायचं ते चार जागांनी आपापलं ठरवावं. कुठे पुढे रेघ, कुठे तिरपं, कुठे छाटून. जँगोत हे पान तयार करणाऱ्या पायथनच्या बाजूने द्यायचं. जिंजात वारस साचा वरच्या पातळीवर एखादं चल ठरवू शकतो आणि मूळ साच्याला ते दिसतं, कारण तिथे ब्लॉकांबाहेरच्या नेमणुका मूळ साचा चालू होण्याआधीच होऊन जातात. जँगोत हेच करू गेलात तर तो ते गिळतो, हे वर आलंच आहे. एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्यांना हा फरक फार छळतो.

कबूल केलेल्या चौकात आता पोचलो आहोत. मूळ साच्यात ‘नवीन पुस्तकं’ ही पट्टी समावेशाने आणली आहे, आणि त्या तुकड्याच्या आत ‘पट्टीचं शीर्षक’ असा ब्लॉक ठेवला आहे. वारस पानात तो ब्लॉक बदलून लिहिला. काहीच होत नाही. चूक नाही, सूचना नाही, पट्टीवर जुनंच शीर्षक. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा इथे दोन तास घालवतो.

शेजारच्या काकूंनी वाटीभर आमटी पाठवली आहे असं समजा. वाटी दारात आली तेव्हा फोडणी होऊन गेलेली. आता ‘मोहरी कमी घाला’ म्हणण्याला अर्थ नाही. ते आधी सांगायला हवं होतं. जँगोतला समावेश असाच: तुकडा स्वतंत्रपणे शिजवून, तयार मजकूर म्हणून आणला जातो. त्याच्यातले ब्लॉक तो येण्याआधीच भरले गेलेले असतात, बाहेरच्या वारसांना ते बदलता येत नाहीत. काही सांगायचं तर बोलावतानाच सोबत द्यायचं: या पट्टीचं शीर्षक अमुक धर. त्यासाठी समावेशाच्या ओळीतच ‘विथ’ लिहून मूल्यं देता येतात. ट्विगमध्ये आणखी एक सोय आहे, ‘एम्बेड’. तिने तुकडा आणता आणता त्याचे ब्लॉकही बदलता येतात. आमटी काकूंची, फोडणी आपली. मला ही सोय आवडते, पण तिच्या फाइली वाचायला कठीण होतात हेही खरं.

उलट्या बाजूचा त्रास असा की आलेल्या तुकड्याला घरातलं सगळं दिसतं. जँगो आणि जिंजा दोन्हींत बोलावणाऱ्या पानाची सारी चलं समाविष्ट तुकड्याला आपोआप मिळतात. पट्टीच्या तुकड्याने ‘शीर्षक असेल तर ते, नसेल तर नवीन पुस्तकं’ असं लिहिलेलं असतं. पान स्वतःचं ‘शीर्षक’ घेऊन येतं. झालं, वड्याचं तेल वांग्यावर: पट्टीच्या डोक्यावर पानाचं नाव. जँगोत समावेशाच्या ओळीशेवटी ‘ओन्ली’ लिहिलं की दिलेलं तेवढंच आत जातं. मी ते सवयीने लिहिते आणि विद्यार्थ्यांकडून घोकून घेते. जिंजात दुसऱ्या साच्यातून मॅक्रो आयात केले तर उलटी सक्ती आहे. तिथे सांगितल्याशिवाय पानाचं काहीच दिसत नाही, आणि मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

‘सुपर’बद्दल दोनच वाक्यं. मुळाचा मजकूर ठेवून त्यात भर घालायची असेल तर वारसाच्या ब्लॉकमध्ये ‘सुपर’ लिहून मुळाचं आधी मागून घ्यावं लागतं. शैलीच्या फाइलींचा ब्लॉक बदलताना ते विसरलात तर पान रंगरूप गमावून बसतं, सगळं मुसळ केरात.

इथपर्यंतची चर्चा कोणत्याही भाषेतल्या पुस्तकात सापडेल. पुढची क्वचितच सापडते, आणि माझ्या दृष्टीने मराठीत ही पुस्तिका लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. साचेभाषा इंग्रजी बोलणाऱ्यांनी इंग्रजी मजकुरासाठी घडवल्या. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात जसंच्या तसं ठेवता येतं. मराठीत शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतो. ‘गाव’ या चलापुढे ‘मधील वाचनालये’ असं लिहून ठेवलं की पडद्यावर ‘पुणे मधील वाचनालये’, ‘सातारा मधील वाचनालये’, ‘ठाणे मधील वाचनालये’ उमटतं. पुण्यातील, साताऱ्यातील, ठाण्यातील हे साच्याला माहीत नाही. नाशिक तेवढं ‘नाशिकमधील’ म्हणून चालून जातं, तेही मधली जागा काढली तर. सरकारी असोत की खासगी, मराठी संकेतस्थळांवर ही ‘पुणे मधील’ भाषा इतकी पसरली आहे की माणसंही आता तशीच लिहू लागली आहेत. हा साच्यांनी मराठीवर केलेला अत्याचार आहे, आणि त्यात माझाही हात आहे.

यावर मी तीन गोष्टी करते. पहिली, जिथे जमेल तिथे वाक्यच मोडायचं: ‘गाव: पुणे’. रुक्ष दिसतं, पण शुद्ध असतं. दुसरी, गावाच्या नोंदीत दोन रूपं साठवायची, ‘पुणे’ आणि ‘पुण्यातील’. सामान्यरूपाचे नियम संगणकाला शिकवत बसण्यापेक्षा एकदा हाताने लिहिलेलं बरं. तिसरी, शब्द निवडताना धूर्तपणा. वाचनालयाच्या पट्टीवर ‘नवी’ लिहिलं की कादंबरीपुढे ठीक, पण ‘नवी नाटक’ होतं. ‘नवीन’ मात्र कोणत्याही लिंगवचनाला बधत नाही: नवीन कादंबरी, नवीन नाटक, नवीन कवितासंग्रह. सदस्यांच्या यादीत ‘सदस्य झाला’ की ‘झाली’ हा पेच असतो. ‘यांनी सदस्यत्व घेतलं’ असं लिहिलं की क्रियापद सदस्यत्वाकडे बघतं आणि माणूस सुटतो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत लिंग आणि वचन पाहून वाक्य बदलण्याची सोय साच्यांतच आहे, आणि जँगोच्या भाषांतरव्यवस्थेत वचनाची आहे. पण विभक्तीचं ओझं बहुधा आपल्याच डोक्यावर राहतं.

छाटणीही अशीच. दुवा पाठवल्यावर दिसणाऱ्या वर्णनासाठी मजकूर ठरावीक लांबीवर कापतात. संगणकाच्या हिशेबी ‘श्री’ हे चार घटक आहेत: श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. जिंजाच्या छाटणीला शब्द मधोमध तोडायची मुभा दिली, तर ती ‘श्री’चं ‘श्’ करून पुढे तीन टिंबं लावायला मागेपुढे पाहत नाही. शब्दाच्या सीमेवरच थांबायला सांगा.

शेवटी एक तक्रार, माझ्याच जातीच्या लोकांविरुद्ध. पुनर्वापराची चटक लागली की थांबत नाही. दोन पानांवर सारखी दिसणारी चौकट मी तुकड्यात काढते. मग एका पानाला त्यात चित्र हवं होतं, म्हणून एक अट. दुसऱ्याला नको होतं, म्हणून दुसरी. वर्षभराने त्या तुकड्यात सात अटी असतात, आणि तो बदलायला कुणी धजत नाही, कारण तो कुठे कुठे वापरला आहे हे कुणालाच आठवत नाही. मूळ साच्याचं तर याहून अवघड, घर फिरलं की वासेही फिरतात. दोन गोष्टी आज सारख्या दिसतात म्हणून त्या एक असतातच असं नाही. वाचनालयाचा फोन सगळ्या पानांवर एकच, कारण फोन खरोखर एकच आहे. बालविभागाची चौकट आणि वर्गणीची चौकट यांचं तसं नव्हतं. त्या योगायोगाने सारख्या होत्या. आता मी दोनदा लिहिते, आणि तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की मगच विचार करते. काही जणांना हा आळस वाटतो.

पुस्तिकेत पुढे सहा प्रकरणं आहेत. पहिली दोन समावेश आणि वारशाची. ज्यांना ते येतं त्यांनी खुशाल ओलांडावीत. तिसरं चौकाचं, त्याला जास्त वेळ द्या. चौथ्यात मराठी मजकुराचे साचे आहेत. उरलेल्या दोनांत त्याच वाचनालयाचं संकेतस्थळ नव्याने बांधलं आहे, चुकांसकट. रिअॅक्टसारख्या, ब्राउझरमध्येच पान जुळवणाऱ्या साधनांना मी हात लावलेला नाही. तिथेही हेच प्रश्न येतात, पण त्यांच्यासाठी वेगळं पुस्तक लागेल.

संकेतस्थळ दुरुस्त केल्यावर मी त्या जुन्या क्रमांकावर फोन केला होता. माफी मागायची होती. एका काकूंनी उचलला. मी नाव सांगून काय झालं ते समजावलं, तर त्या हसल्या.

“अगं, त्यात काय एवढं! रोज दोन-चार फोन यायचे. सुरुवातीला चिडायचे मी. मग म्हटलं, बिचारे विचारतात तेवढं सांगून टाकावं. पाटीवरून वेळा लिहून आणल्या होत्या मी. सकाळी आठ ते बारा, संध्याकाळी चार ते आठ, सोमवारी बंद. बरोबर ना?”

संध्याकाळची वेळ त्या उन्हाळ्यातच बदलली होती. मी म्हटलं, “काकू, आता पाच ते नऊ असतं.”

“थांब हं,” त्या म्हणाल्या, “पेन घेते.”